माझी प्रॅक्टिकल परीक्षा आणि बारडोलीची फुई

आमच्या घराण्यात आजवर कोणीही कारणाशिवाय बसमध्ये बसलेलं नाही.

लग्न असेल तर बस, जाऊळ असेल तर बस, नवस फेडायचा असेल तर बस, आणि कोणी गेलं असेल तर मिळेल ती बस. गोडादऱ्यातली आमची गल्ली म्हणजे धुळे-जळगाव-नंदुरबारकडून आलेली माणसं. जवळपास सगळेच लूमच्या खात्यात (सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात) राबणारे. 'चला, जरा फिरून येऊ' हे वाक्य आमच्याकडे फक्त जेवण जास्त झाल्यावर म्हणतात, आणि ते फिरणंही गल्लीच्या टोकाच्या पानाच्या गल्ल्यापाशी (म्हणजे टपरीपाशी) संपतं.

अशा घराण्यात जन्माला येऊन मी विद्यापीठात विषय कोणता घ्यावा? मनोरंजन, क्रीडा आणि पर्यटन!

हा विषय काय असतो, हे मला प्रवेश घेताना नीट माहीत नव्हतं आणि गल्लीला तर पदवी मिळेपर्यंत कळलं नाही. आबा, म्हणजे माझे वडील, खात्यात विचारणाऱ्यांना सांगायचे, "पोर मोठ्या लाईनमध्ये आहे." कोणती लाईन, हे विचारलं की ते मशीनमध्ये तेल घालायला निघून जायचे. आमच्या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात अधिकारी बाई म्हणजे जिजी. त्यांनी एकदा मला ओट्यावर बसवून सरळच विचारलं.

"वैशू, तू कॉलेजमा काय शिकस वं?"

"जिजी, लोकांनी फिरायला कसं जायचं, खेळायचं कसं, मन कसं रमवायचं, ते शिकते."

"फिराले शिकनं पडस? देवनी पाय दिन्हात ना?"

आमच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण जिजींनी एका वाक्यात संपवलं.

तरी दोन वर्षं सुखात गेली. तिसऱ्या वर्षी प्रॅक्टिकल आलं. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः एक दिवसाची सहल काढायची. बस विद्यापीठ देणार, पर्यटक आपण आणायचे (बस भरली पाहिजे!), आणि बाहेरून आलेले परीक्षक दिवसभर सोबत बसून गुण देणार. यात नापास म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं म्हणजे सगळंच गेलं, कारण आबांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "एक जरी विषय राहिला, तर शिक्षण बंद. कापड मार्केटमध्ये मामाने कॉम्प्युटरची जागा बोलून ठेवली आहे." म्हणजे दिवसभर पंख्याखाली बसून साड्यांचे नंबर टाकायचे. मला ते नको होतं. मला हातात माईक धरून बसच्या पुढच्या भागात उभं राहायचं होतं. एवढं एकच स्वप्न होतं माझं, आणि ते खरोखर मनापासून होतं.

मी ठिकाण निवडलं बारडोलीजवळचं एक शेत. उसाचं रान, आंब्याची झाडं, ओटा, झोपाळा. मालक ठाकोरभाई आणि त्यांच्या पत्नी रमीलाबेन पाहुण्यांना दिवसभर ठेवून घेतात, जेवू घालतात. मी एक रंगीत जाहिरात छापली, चेहऱ्यावर विभागात शिकवलेलं हसू आणलं आणि दारोदार निघाले.

"काकू, बारडोलीला चला! ग्रामीण जीवनाचा आनंद घ्या!"

"ग्रामीण जीवन? त्याच्यापासून पळून तर सुरतेला आलो आम्ही!"

पुढच्या दारात मी उसाच्या शेताचं वर्णन सुरू केलं. त्या मावशींनी मला मध्येच थांबवलं. "पोरी, दहा हंगाम ऊस तोडला मी. आता त्याला भेटायला जाऊ? बरा आहेस का, विचारायला?"

आठवडाभर हिंडले. एकही पर्यटक मिळाला नाही. (एकजण तयार झाला होता, पण त्याला वाटेत कडोदऱ्याला उतरून मेहुण्याकडे जायचं होतं.) शनिवारी विभागातल्या बाईंनी मला सगळ्यांसमोर झापलं. उद्या बस रिकामी आली तर प्रॅक्टिकल रद्द, म्हणाल्या. वरून एक सल्लाही दिला, "वैशाली, तू फार बोलतेस. कमी बोल. लोकांना उत्सुकता वाटली पाहिजे." आणि ग्रामीण सहलीच्या सूचना पुन्हा एकदा पाठ करून घेतल्या.

माय घरी असती तर पुढचं काही घडलंच नसतं. पण ती नेमकी मामीच्या बाळंतपणाला अमळनेरला गेली होती. मी बसमध्येच रडून घेतलं, सुजलेल्या डोळ्यांनी गल्लीत शिरले आणि पहिलं दार ठोठावलं ते जिजींचं.

"जिजी," मी नाक ओढत म्हटलं. "उद्या सकाळी बस आहे. बारडोलीला जायचंय."

जिजींच्या हातातलं सूप खाली गेलं. "बारडोलीले?"

(बारडोलीजवळ आबांची फुई राहते, म्हणजे सख्खी आत्या. साखर कारखान्याच्या वस्तीत. वय झालेलं, मधूनमधून दवाखाना. पण त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात ऊस होता, फुई नव्हती.)

"याल का?"

"येसू वं माय! काब्र नही येवाव?" जिजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बापले सांगं का तुना?"

"नाही अजून. आबा रात्रपाळीला गेलेत."

"नको सांगू मंग. रातभर मशीनवर उभा ऱ्हातस मानूस. सकाळी मी सांगसू."

मला भरून आलं. आबांना बस दाखवून चकित करायचं माझ्या मनात होतं, आणि जिजींनी ते न सांगता ओळखलं! मी बाईंच्या सल्ल्याप्रमाणे फार न बोलता फक्त सूचना सांगितल्या. साधे, फिक्या रंगाचे कपडे घाला. दागिने नको. लहान मुलं आणू नका. तिथे मोठ्याने बोलायचं नाही, यजमानांच्या ओट्यावर शांत बसायचं. संध्याकाळी परत.

"हाई काय सांगनं पडस?" जिजी म्हणाल्या आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दारात जिजींचा निरोप माझ्याआधी पोचला होता; मी तोंड उघडायच्या आतच काकू म्हणाल्या, "आम्ही दोघं येतोय." तिसऱ्या दारात मावशींनी मला पोटाशी धरलं. त्याच त्या उसावाल्या! चौथ्या घरापासून तर लोक स्वतःच बाहेर येऊन उभे होते. कुणी विचारलं नाही तिथे काय आहे, जेवायला काय आहे, परत कधी यायचं. आठवडाभर घसा फोडून जे जमलं नाही, ते पडलेल्या तोंडाने अर्ध्या तासात झालं! त्या दिवशी विभागातल्या बाईंबद्दल माझा आदर दुप्पट झाला.

सकाळी बस गल्लीच्या तोंडाशी लागली. परीक्षक आधीच आले होते. नायकसाहेब नावाचे एक गुबगुबीत, मृदू बोलणारे गुजराती गृहस्थ. काखेत फाईल, डोक्यावर उन्हाची टोपी. मराठी त्यांना थोडी थोडी समजायची. आमची अहिराणी मात्र डोक्यावरून जायची. (देवाचीच कृपा!)

आणि माझे पर्यटक येऊ लागले. बायका धुवट फिक्या साड्यांमध्ये, डोक्यावर पदर, हातात एक-एक साधी काचेची बांगडी. पुरुष पांढऱ्या टोप्या घालून, खांद्यावर टॉवेल. कुणी हसत नव्हतं, कुणी खिडकीसाठी भांडत नव्हतं. खानदेशी माणसं आणि खिडकीसाठी भांडण नाही! बस भरली, मधली वाट भरली, तरी माणसं येतच होती.

"केटली शिस्त!" नायकसाहेब थक्क होऊन म्हणाले. "इतने शांत टूरिस्ट मैंने आज तक नहीं देखे."

"सर, मी अगोदर माहिती दिली होती," मी नम्रपणे सांगितलं.

तेवढ्यात आबा आले. रात्रपाळी संपवून थेट, केसांत कापसाची पिंज तशीच. जिजींनी त्यांना बाजूला घेतलं, काहीतरी सांगितलं. आबा पानाच्या गल्ल्याच्या पायरीवर मटकन बसले. मग उठले, माझ्याजवळ आले. डोळे पाण्याने भरलेले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "तू केलंस बेटा हे सगळं? एकटीने?"

"हो, आबा."

"आणि आज तुझी परीक्षा होती ना?"

"आबा, हीच तर परीक्षा आहे!"

त्यांनी मान हलवली, आभाळाकडे पाहिलं आणि मागच्या सीटवर जाऊन टॉवेलात तोंड लपवून बसले. आबांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मुलीचं कौतुक एखाद्या बापाला इतकं असू शकतं, या विचाराने माझेही डोळे ओले झाले. तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून तरी कळायला हवं होतं. नाही कळलं!

बस निघाली. मी स्वप्नातला माईक हातात घेतला.

"नमस्कार मंडळी! चला, अंताक्षरी खेळू या! डावीकडचे एक बाजू, उजवीकडचे एक बाजू!"

डावीकडच्यांनी माझ्याकडे पाहिलं, उजवीकडच्यांनीही पाहिलं. एक काकू शेजारणीला म्हणाल्या, "डोकावर परिनाम व्हयना पोरना." जिजी उठल्या, धडपडत पुढे आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"बस, बेटा, बस. मनमा नको ठेवू. रडी ले."

"जिजी, मी रडत नाहीये, मी खेळ घेतेय!"

"हां, हां. घे," जिजी म्हणाल्या आणि माईक माझ्या हातातून काढून ड्रायव्हरकडे दिला.

नायकसाहेबांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. मी घाईघाईने खमण ढोकळ्याची पाकिटं वाटायला काढली. मधल्या वाटेतून शेवटपर्यंत गेले आणि सगळीच्या सगळी घेऊन परत आले. कुणी हात लावला नाही. "आधी तिथं तोंड दाखवू, मग बघू खाण्याचं," काकू म्हणाल्या. मला त्यांची यजमानांविषयीची आस्था पाहून नवल वाटलं. नायकसाहेबांनी मात्र तीन पाकिटं संपवली.

कडोदऱ्याच्या पुढे मागून कुणीतरी भजन सुरू केलं. संथ, खोल आवाजात. बघता बघता सगळी बस त्यात आली. माझ्या जिवात जीव आला, निदान गातायत तरी! नायकसाहेब मांडीवर ताल धरू लागले. मग त्यांनी जिजींशी गप्पा मारायचा प्रयत्न केला.

"माजी, वहाँ पहले कभी गए हो?"

"गयी थी ना, उसके लडके के शादी में," जिजी हिंदीत म्हणाल्या. "बहुत अच्छी थी बिचारी."

'पुन्हा येणारे पर्यटक', असं साहेबांनी लिहिलं. मी डोकावून पाहिलं. कोणाच्या मुलाचं लग्न, कोण बिचारी, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात बस शेताच्या फाटकातून आत वळली.

ओट्यावर रमीलाबेन उभ्या होत्या. हातात कुंकवाचं ताट, मागे ठाकोरभाई, टेबलावर उसाच्या रसाचे पेले. मी आधी उतरले, बाजूला झाले आणि 'सुस्वागतम्' म्हणायला श्वास घेतला.

जिजी उतरल्या. त्यांनी पदर तोंडावर ओढला, दोन्ही हात पसरले आणि जो हंबरडा फोडला, तो आमराईतल्या पाखरांनी ऐकला आणि ती सगळी एकदम उडाली.

"ओ मनी माय वं! कशी सोडी गई वं!"

मागून सगळ्या बायका! "तुना हातना ठेचा आते कोन खवाडी वं!" "मनी बहिन वं!" जिजींनी रमीलाबेनच्या गळ्यात मिठी मारली. ताट गेलं, कुंकू गेलं, रसाचे पेले एका काकूंच्या धक्क्याने गेले. रमीलाबेन बिचाऱ्या गुदमरत विचारत होत्या, "शुं थयुं, बेन? एक्सिडन्ट थयो?" मग त्याही रडू लागल्या. आधी घाबरून, आणि नंतर अगदी मनापासून.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या खानदेशात कोणाकडे मयत झाली की त्या घरी भेटायला जातात, त्याला 'दारवर जाणं' म्हणतात. लग्नाला नाही गेलात तर लोक समजून घेतात. दारवर नाही गेलात तर तुमच्या नातवंडांनाही ऐकवतात. म्हणून दारवर जायची बस अर्ध्या तासात भरते आणि कुणी काही विचारत नाही. ही सगळी माणसं दारवर आली होती! पण कोणाच्या? कोण मेलं होतं? मला खरोखर काही कळेना.

"आ शुं छे?" नायकसाहेब माझ्या कानाशी आले.

त्या क्षणी मी जे बोलले, ते मला कोणत्याही वर्गात शिकवलेलं नव्हतं. "सर, लोककला. खानदेशी स्वागतगीत."

साहेबांनी मोबाईल काढला आणि चित्रण सुरू केलं. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सरस छे. पण थोडुं लांबु छे."

तिकडे आबा पुरुषमंडळींसह ओट्यावर टेकले होते. त्यांनी टॉवेलाने डोळे पुसले आणि ठाकोरभाईंना खालच्या आवाजात विचारलं, "भाई, कब ले गए?"

ठाकोरभाईंना वाटलं, उसाबद्दल विचारतायत. पाहुणे दुसरं काय विचारणार? "कल ही ले गए. ट्रक भरके."

"ट्रक में?" आबा हादरले.

"हाँ, फॅक्टरीवाले अपना ट्रक भेजते हैं. परसों जलाया, कल काटा, ट्रक में डाला."

आबा ताडकन उभे राहिले. "मेरी फुई को काटा?"

"कोनी फुई?"

मी धावले. "आबा! फुईचं काय?"

"फुई गेली ना!"

"कोणी सांगितलं?"

"जिजींनी!"

जिजींनी रडणं थांबवलं. त्यांनी थांबवलं तशी सगळ्यांनीच थांबवलं. एकदम इतकी शांतता झाली की रमीलाबेनचा एकटीचा हुंदका ऐकू आला. "माले वैशूनी सांगं," जिजी म्हणाल्या.

"मी? मी कधी सांगितलं? मी सहलीचं आमंत्रण दिलं होतं!"

"सहल?" जिजी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात. "साधा कपडा घाला. सोनं नको. पोरं नको. जोरमा बोलू नका. ओटावर गुपचूप बसा. सांजले परत. यानामा सहल कोठे शे, सांग! आनि तोंड असं पाडेल!"

मी मनातल्या मनात विभागाच्या सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटल्या. सहल खरोखरच कुठेही नव्हती.

आता नायकसाहेबांच्याही हळूहळू लक्षात आलं. त्यांनी मोबाईल खिशात टाकला, फाईल मिटली. "बेटा," ते अगदी हळू म्हणाले, "ये लोग तो मनोरंजन के लिए आए ही नहीं. इसको मैं टूर कैसे मानूं?"

संपलं. डोळ्यांसमोर कापड मार्केट, तो पंखा, त्या साड्या. मला रडू फुटलं. पण सकाळपासून तिथे सगळेच रडत असल्यामुळे माझ्याकडे कोणाचं लक्षसुद्धा गेलं नाही!

लक्ष होतं ते आबांकडे. ते फाटकाकडे निघाले होते. "फुई जिवंत आहे?" ते स्वतःशीच म्हणत होते. "मग मला तिला पाहायचंय. आत्ताच."

"मी फोन लावू?" एकाने विचारलं.

"फोन कशाला? पुढच्याच गावात तर आहे. डोळ्यांनी बघेन, तेव्हा खरं!"

"हां, चला," जिजी म्हणाल्या. "इतली रडनूत, आते तोंड ते देखू."

सगळे बसमध्ये. रमीलाबेनही पदराने नाक पुसत चढल्या, "मारे पण जोवुं छे." (त्यांनाही बघायचं होतं.) ठाकोरभाई त्यांच्या मागून. नायकसाहेब गोंधळून, आता कुठे, असं विचारू लागले. "हवे क्यां?"

"सर, पुढचं स्थळ," मी म्हटलं. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय!

कारखान्याच्या वस्तीत फुई अंगणात खाटेवर बसून मेथी निवडत होती. बस थांबली. फिक्या साड्या, डोक्यावर पदर, रडून लाल झालेले डोळे. एकामागून एक पन्नास माणसं अंगणात शिरली. फुईच्या हातातली जुडी पडली.

"कोन मरनं वं?"

फुईने आबांकडे पाहिलं. आबा तिला जिवंत पाहून इतके हमसून रडायला लागले होते की त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा तर फुईने छातीच बडवायला घेतली. "सांगा ना रे! कोन गयं?"

शेवटी जिजी पुढे झाल्या. अशा बातम्या सांगायचा अनुभव त्यांनाच. "बाई, तूच."

"मी?"

"हां."

"कव्हय?"

"काल सांजले."

फुईने विचार केला. "काल सांजले ते मी भाकरी टाकी ऱ्हायनी व्हती."

यानंतर मला सगळ्या अंगणासमोर खरं काय ते सांगावं लागलं. फुईने शांतपणे ऐकून घेतलं. आता ही आपल्याला हाणणार, म्हणून मी दोन पावलं मागे सरकले. पण फुईला वेगळीच उत्सुकता होती.

"मंग रडनात का तुम्ही? चांगलं रडनात?"

"रडनूत ना!"

"काय म्हनीसन रडनात?"

जिजींना म्हणून दाखवावं लागलं. 'तुना हातना ठेचा आते कोन खवाडी' या ठिकाणी फुईने हात वर केला. "ठेचा? मी आयुष्यभर तुमले पुरनपोळी खवाडी, आनि तुमले ठेचा याद उना? परत रडा! नीट रडा!"

आधी कोण हसलं, ते मला माहीत नाही. बहुधा रमीलाबेन, ज्यांना एक शब्द कळला नव्हता. पण ते हसू असं पसरलं की काकू खाली बसल्या, पुरुषांनी टोप्या काढून तोंडावर धरल्या आणि आबा रडता रडताच हसायला लागले. फुई एकेकीला पुढे बोलवून आपल्यावरचं रडणं म्हणून घेत होती आणि चुका काढत होती. 'फार साधी होती' असं एकीने म्हटलं, ते तिने साफ नाकारलं.

मला तेव्हा बसच्या डिकीतला माझा दोर आठवला. शेतावर रस्सीखेच घ्यायची होती. दोर अंगणात आणून टाकला मात्र, बायकांनी पदर खोचले. एका बाजूला जिजींची फळी, दुसऱ्या बाजूला उसावाल्या मावशींची. फुई खाटेवर उभी राहून पंच! आपल्याला जी बाजू आवडते तिला ती उघड उघड जिंकवत होती. दोन माणसं कमी पडली म्हणून रमीलाबेन एकीकडे लागल्या आणि दुसरीकडे, दोराच्या शेवटच्या टोकाला, चक्क नायकसाहेब. पहिल्याच हिसक्याला साहेब मेथीच्या टोपलीत बसले.

परतीच्या आधी साहेबांनी अंगातली पानं झटकून फाईल उघडली आणि नियमाप्रमाणे पर्यटकांची मतं विचारायला सुरुवात केली. रमीलाबेन म्हणाल्या, त्यांची आई गेली तेव्हा त्या वेळेवर पोचू शकल्या नव्हत्या. आज कोणीतरी सोबत रडलं, छाती हलकी झाली. उसावाल्या मावशी म्हणाल्या, लग्नानंतर आज पहिल्यांदा काहीतरी खेळले. शेवटी आबांची पाळी आली.

"आपकी बेटी का काम कैसा लगा?" साहेबांनी विचारलं.

आबा उभे राहिले. फुईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "साब, बारडोली हमारे घर से एक घंटा है. मैं कितने साल से आया नहीं, क्यूँ कि कोई मरा नहीं था." मग त्यांचा आवाज फुटला. "मेरी मरी हुई फुई को मेरी लडकी ने मिला दिया. ऐसा टूर कौन करता है?"

नायकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि मला पास केलं. आणि नुसतं पास नाही, वर्गात सगळ्यात जास्त गुण! फक्त जाता जाता म्हणाले, "बेटा, अगली बार लोगों को पहले बता देना कि जा कहाँ रहे हैं."

कापड मार्केटातली ती जागा मामाच्या दुसऱ्या भाचीला मिळाली. मला एका सहल कंपनीत नोकरी लागली आणि आता माझ्या हातात रोज माईक असतो. बस सुटली की मी पुढे उभी राहते, हसते आणि मोठ्याने पहिलं वाक्य बोलते, "नमस्कार मंडळी, कोणीही मेलेलं नाही." मालक चिडतात; म्हणतात, असं ऐकून गिऱ्हाईक बिथरतं, हे कुठल्या कॉलेजात शिकलीस? दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच म्हणते. तीन वर्षं विद्यापीठात घालवून पर्यटनशास्त्रातली एवढी एकच गोष्ट मला पक्की आली आहे, ती कशी सोडू?